दाणे चालते, हाललेला नाई

“दाणे चालते भाऊ. हाललेला नाई चालत.”

फोटोला कुणी नाव ठेवलं की भाईंचं हे ठरलेलं उत्तर. चंद्रपूरच्या एका दैनिकात बातमी मी लिहायचो आणि फोटो ते काढायचे. गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्या घरातले, वयाने माझ्याहून बरेच मोठे, तरी मला भाऊच म्हणायचे. तुम्ही तेव्हा या बाजूला असाल तर त्यांना नक्की पाहिलं असेल. घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत तोंडाला दुपट्टा बांधून, स्कूटर कडेला लावून, ट्रकांच्या मधून वाट काढणारे ते भाईच.

रोलच्या दिवसांत त्यांची एकच कुरकुर असायची. चारशे आयएसओचा रोल घातला की तो संपेपर्यंत उन्हातला ट्रक असो की झोपडीतली चूल, सगळं चारशेवरच. “रोल म्हंजे सासरा भाऊ. एकदा भेटला का भेटला.”

मग ऑफिसात डिजिटल कॅमेरा आला. भाईंनी तो मॅन्युअलवर टाकला. भिंगाचं छिद्र किती उघडायचं आणि शटर किती वेगाने मिटायचं हे स्वतःकडे ठेवलं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, तेवढी ऑटोवर सोडली. उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून आयएसओ वाढवायचा आणि फोटो उजळ करायचा. फार वाढवला की फोटोत दाणे उठायचे, एवढंच. आम्ही त्यांना चिडवायचो.

“भाई, मॅन्युअल म्हणता आणि ऑटोही ठेवता? धड इकडे नाही, धड तिकडे नाही.”

“बंडी मीच हाकून राह्यलो ना? मंग बैलाच्या जागी बी मीच काऊन लागू?”

पुढे पुढे दाणे फारच वाढले. नागपूरहून डेस्कचा फोन यायचा, “हा फोटो आहे की रवा?” शिव्या मी खायचो. दिवसभर एसटीने हाडं खिळखिळी करून यायचं आणि वर हे ऐकायचं, याचा मला वीट आला होता. एकदा वैतागून संगणकावर त्यांचे फोटो उघडून बसलो. शटरचा वेग महिन्यागणिक चढत गेला होता. खुर्चीत बसलेल्या एका अध्यक्षांचा फोटो तर सेकंदाच्या पाचशेव्या भागात घेतलेला, धावत्या माणसाचा घ्यावा तसा. अध्यक्ष काही पळून जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी विचारलं. भाईंनी कप उचलला, चहा बशीत कमी आणि शर्टावर जास्त सांडला.

“पाहून राह्यला ना? हात आवरत नाई मले. शटर हळू केलं का फोटो हालते. म्हून शटर पळवतो आन् उजेडाचं कॅमेऱ्यावर सोडतो.”

“डॉक्टरकडे गेलात?”

“गेलो. गोळी खाल्ली का झोप येते, नाई खाल्ली का हात नाचते. ऑफिसात बोलू नको भाऊ. कॅमेरा काढून घेतील माह्याकडून. मंग मी सकाळी उठून करू काय?”

मी बोललो नाही. त्याऐवजी उन्हातल्या बातम्या शोधू लागलो. कालवा, रस्ता, पाण्याची टाकी, भर दुपारचा मोर्चा. ऑफिसात माझं कौतुक झालं, म्हणे हा उन्हातान्हात फिरतो. पण पावसाळ्यात कुरखेड्याकडे ऊन कुठून आणणार?

तिकडच्या एका गावात बायकांनी दारूचा गुत्ता बंद पाडला होता. धानाच्या रोवणीहून परतलेल्या बायका बुद्धविहारात जमल्या. बाहेर पावसाची झड लागलेली, आत वीज गेलेली. कॅमेऱ्याचा फ्लॅश एटापल्लीच्या रस्त्यावर पडून कधीच मोडला होता. भाईंनी फोटो घेतला. नुसता काळा. कॅमेऱ्याने आयएसओ होता तेवढा चढवला होता, त्याच्यापुढे त्याला जागाच नव्हती. त्यांनी शटर हळू केलं. आता उजेड आला, पण प्रत्येक बाईला दोन-दोन तोंडं दिसायला लागली. पुन्हा घेतला, कोपर भिंतीला टेकवून घेतला. तेच.

“काढा ना भाऊ लवकर,” एक बाई म्हणाली, “सैपाक पडला हाये घरी.”

भाई पडद्याकडे बघत राहिले. “याचं बी सरलं आता,” ते हळूच म्हणाले. मग पट्टा गळ्यातून काढून त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी कुणाला धरायलासुद्धा दिला नव्हता.

“तू दाब,” ते म्हणाले. “मी हासवतो.”

आणि माझ्या शेजारी उभे राहून बायकांना म्हणाले, “काहो बाई, गुत्तेवाल्याले पळवलं तवा बी अशाच रुसून बसल्या होत्या का?”

फोटो छापला तो त्यांच्याच नावाने. महिन्याभरात त्यांनी कॅमेरा ऑफिसात जमा केला. आता भाई नाहीत. तो फोटो माझ्याकडे आहे. अंगावर चिखल, डोक्यावर ओले पदर, ओळीने बसलेल्या बायका. एकही कॅमेऱ्याकडे बघत नाही. सगळ्या जरा बाजूला बघून खळखळून हसताहेत, भाई उभे होते तिकडे.