चौदाव्या पानाचा नारळ

माझ्या शहाणपणाचा एक नमुना सांगते. चहाचा कप तेवढा खाली ठेवा, सांडेल.

आमचे हे मास्तर. घर झरीला, नोकरी मानवतकडं. शनिवारी यायचे, रविवारी एस.टी.नं परत. झरीच्या शाळेत बदली व्हावी म्हणून मी सोळा सोमवार धरले. सगळे नीट पार पडले, आणि उद्यापन तोंडावर आलं असताना पोथीच्या कडा उंदरानं कुरतडल्या.

ह्यांनी बाजारातून नवी पोथी आणली. छान टपोरी अक्षरं. मी दोन्ही पोथ्या मांडीवर घेऊन ताडून पाहिल्या. पहिली ओळ तीच, शेवटची तीच, अध्याय पाचच. म्हटलं, तंतोतंत आहे. मधली पानं कोण उलगडत बसतं?

माझी धाकटी जाऊ सुभद्रा. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे यायचे. म्हणून जुन्या पोथीवरून मी तिला चिठ्ठी करून दिली होती, चित्रं काढून: सहाव्या पानाला घंटा, नवव्याला अक्षता, चौदाव्याला नारळ. शेजारी बसून ती पानाचा आकडा बघायची. आणि आमच्याकडं नेम असा, की कथा सुरू झाल्यावर वाचणारीनं मधे दुसरा शब्द काढायचा नाही.

उद्यापनाला घर भरून बायका. सहावं पान आलं. जुन्या पोथीत तिथं राजा दुखण्यातून उठायचा. टपोऱ्या अक्षरांनी पानं वाढलेली, इथं तो नुकताच अंथरुणाला खिळला होता. सुभद्रानं घंटा घणघणवली.

मी डोळे वटारले. तिला वाटलं, जोरात वाजव म्हणतेय.

नवव्या पानाला अक्षता पडल्या. नवरीचा पत्ता नाही, राजा अजून काढाच पितोय.

"कोणाचं लगीन लागायलंय गं?" शेजारच्या गयाबाई.

"नवी पोथी हाय, मावशी. आता असंच असंल," सुभद्रा म्हणाली.

चौदाव्या पानाला राजानं राणीला घराबाहेर काढलं, आणि सुभद्रानं फाडकन नारळ फोडला. बायकांनी भक्तिभावानं हात जोडले. मी नुसती वाचतेय आणि घाम पुसतेय.

कथा संपली तशी मी रडकुंडीला आले. "आत्याबाई, सोळा सोमवार वाया गेले."

"देव काय आकडे बघून पावतो का? ऊठ, नैवेद्य वाढ," सासूबाई म्हणाल्या.

त्या शब्दावर मी महिना काढला. आणि खरंच बदलीचा कागद आला. मी पेढे वाटायला घेतले, तेव्हा ह्यांनी तो नीट वाचला. झरीची शाळा नव्हे, ताडकळस गावची.

सुभद्रानं पेढा तोंडात टाकला. "देव पावला की, आक्का. फकस्त त्याच्या हातात बी तुमचीच चिठ्ठी होती."