लाकूड येईपर्यंत

बी.ए. झाल्यावर मी बी.एड. करावं असं वडिलांचं म्हणणं होतं आणि मला नाटकात काम करायचं होतं. बरेच दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी एका कॉलेजात नुकताच सुरू झालेला नाट्यशिक्षणाचा वर्षभराचा वर्ग सापडला. नावात 'शिक्षण' हा शब्द होता, त्यामुळे वडिलांना तो चालला. आम्ही शनिवार पेठेत राहायचो. कॉलेज नदीपलीकडे होतं, पूल ओलांडून चालत जाण्यासारखं.

पहिल्या दिवशी वेळापत्रक मिळालं. अभिनय, उच्चार, नाटकाचा इतिहास, आणि आठवड्यातून तीन दुपारी सुतारकाम. वडिलांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "चांगलं आहे. नाटक पडलं तर निदान बसायला स्टूल होईल."

सुतारकामाची कल्पना आमच्या वर्गाच्या प्रमुख बाईंची. ज्याने कधी खुर्ची केली नाही त्याला रंगमंचावर खुर्चीत बसता येत नाही, असं त्यांचं मत होतं. त्या हे इतक्या ठामपणे सांगायच्या की मी घरीसुद्धा खुर्चीत जरा संकोचूनच बसायला लागले होते. त्यांनी शिकवायला एका तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले सर आणले. पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल, खिशात घडीची फूटपट्टी. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की आपण आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नाही. मला मधुमेह नाही असं एखादा सांगतो, त्या समाधानाने सांगितलं.

वर्कशॉप म्हणजे इमारतीच्या मागची पत्र्याची लांबट खोली. आत काहीच नव्हतं. लाकूड मंजूर व्हायचं होतं. हत्यारं होती, पण ती भांडारात कपाटात बंद होती आणि कपाटाची किल्ली भांडारपालांकडे. सर किल्ली मागायला गेले तेव्हा आम्ही मागे उभे होतो. भांडारपाल शांतपणे म्हणाले की लाकूड आल्याशिवाय हत्यारं देता येत नाहीत. मग लाकूड कधी येणार, असं सरांनी विचारलं. त्यावर ते म्हणाले की हत्यारं वापरात आहेत असं दिसलं की लाकूड मंजूर होतं.

बाईंनी सुचवलं की तोवर वहीत आकृत्या काढाव्यात. सरांना ते मुळीच पटलं नाही. अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक लिहिलंय, तेव्हा प्रात्यक्षिकच होईल, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला रिकाम्या खोलीत ओळीने उभं केलं. एन.सी.सी.त लाकडी बंदुकीवर कवायत शिकवतात आणि पुढे तीच मुलं खरी बंदूक चालवतात. तसंच आपण करायचं, असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ वळली. "करवत अशी धरायची," ते म्हणाले.

आमच्यातला एक मुलगा हसला. सरांनी त्याला बाहेर काढलं. हत्यार हातात असताना हसणाऱ्याला ते वर्गात ठेवत नसत.

त्यानंतर कोणी हसलं नाही. आधी भीतीने, आणि मग त्यात हसण्यासारखं काही वाटेनासं झालं म्हणून. सर ओळीतून फिरायचे, वाकून प्रत्येकाची फळी बघायचे. माझ्यापाशी थांबून एकदा म्हणाले की तुमची करवत रेघ सोडून चालली आहे. मी खाली पाहिलं, आणि खरंच चालली होती असं मला वाटलं. रंधा मारताना दोन्ही खांद्यांवर सारखा भार द्यायचा, पटाशी आपल्यापासून दूर चालवायची, एका लाकडाला जीभ काढायची आणि दुसऱ्याच्या खाचेत ती अशी बसवायची की सांध्यात नखसुद्धा जाऊ नये. हे सगळं आम्ही हवेत शिकलो. एकदा लांब फळी ओळीतून हातोहात पुढे द्यायची होती. माझ्या मागच्या मुलीने काहीतरी विचारलं, मी वळून बघितलं आणि फळी सोडून दिली. सरांनी उकिडवं बसून फळीची कड अंगठ्याने चाचपली. पुढचे दोन तास मी ती कड रंध्याने साफ करत होते, बाकीचे पुढच्या धड्यावर गेले.

बाई मधूनमधून दारात येऊन बघायच्या आणि फार खूश व्हायच्या. त्यांना वाटत होतं की सर मूकाभिनय शिकवतायत. सरांना मूकाभिनय हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. दोघांचं एकमेकांविषयी उत्तम मत होतं. ते कशावरून आहे हे त्यांनी कधी तपासलं नाही, आम्हीही त्यात पडलो नाही.

सगळ्यांत जास्त जीव लावून शिकायचा तो कात्रजकडचा एक मुलगा. त्यांची शेती होती, म्हशी होत्या. सकाळी डेअरीवर दूध घालून तो बसने वर्गाला यायचा. उंचापुरा, आवाज पहाडी, आणि त्याला फक्त राजांच्या भूमिका करायच्या होत्या. तो फळी खांद्यावर घेऊन दारातून तिरका होऊन आत यायचा, म्हणजे चौकटीला लागू नये. एके दिवशी पटाशीचं काम चालू असताना त्याने एवढ्या मोठ्याने 'आई गं' केलं की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक धावत आले. तो डावा अंगठा धरून उभा होता. मला वाटतं त्याला अभिनय दाखवायचा होता. सरांनी मात्र खिशातला रुमाल काढून अंगठ्याला घट्ट बांधला. पटाशीच्या पुढे हात ठेवू नका असं कितीदा सांगितलं, असं त्याला खडसावलं आणि आठवडाभर हत्यारांना हात लावायची बंदी केली.

तो आठवडाभर भिंतीशी बसून राहिला. तो सांगायचा की बसमध्ये रुमाल बघून लोक त्याला बसायला जागा देत होते. घरी आईने हळद भरली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "ठणकायला लागलंय गं. खरंच ठणकत हाय."

वर्ग संपला की सर आम्हाला खोली झाडायला लावायचे. भुसा आणि ढलप्या तशाच टाकून जाणारा माणूस सुतार नाही, असं ते म्हणायचे. आम्ही स्वच्छ फरशीवर झाडू फिरवून कोपऱ्यात ढीग करायचो आणि तो सुपलीने उचलून बाहेर टाकायचो. हे काही दिवस चाललं आणि मग इमारतीची झाडलोट करणाऱ्या मावशी बाईंकडे तक्रार घेऊन गेल्या. इतकी वर्षं ती खोली आपण झाडतो. आता पोरं झाडायला लागली तर उद्या वरचे साहेब म्हणतील की मावशीची गरज काय. बाईंनी सरांना बोलावलं. बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की मोठ्या ढलप्या आम्ही उचलायच्या आणि बारीक भुसा मावशींसाठी ठेवायचा. मावशींना ते मान्य झालं. त्या रोज संध्याकाळी येऊन भुसा काढायच्या, आणि एकदा मला म्हणाल्या की आज कमी निघाला, काम केलं नाही वाटतं. त्या दिवशी खरोखरच सर लवकर गेले होते.

दिवाळीपर्यंत आमचं टेबल उभं राहिलं. खोलीच्या मधोमध, चार पायांचं, एका खणाचं. सगळ्यांना त्याची लांबी-रुंदी पाठ होती. कोणी त्याच्यातून चालत गेलं नाही. वही ठेवायचा प्रयत्न मात्र मी एकदा केला, आणि ती खाली पडल्यावर मला भलतंच वाईट वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास लाकूड आलं. हातगाडीवरून आलं आणि मागोमाग भांडारपालांनी स्वतः येऊन हत्यारं दिली. आम्ही सगळे गाडीभोवती जमलो. लाकूड ओलसर होतं, कडेला वाकलेलं, गाठी भरपूर. करवतीला गंज चढला होता. तरी आम्ही फार उत्साहात होतो, कारण आता फक्त शिकलेलं करायचं होतं. पहिल्या दुपारी दोन तास खपून आम्ही एक फळी निम्मी कापली. करवत अडकायची. ओढली तर येत नसे, ढकलली तर वाकायची. लाकूड उलट बोलत होतं. इतके महिने ते कधी बोललं नव्हतं. कात्रजचा मुलगा घाम पुसत म्हणाला की हे ऐकतच न्हाय. सर बराच वेळ फळीकडे बघत उभे राहिले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "आधीचं लाकूड चांगलं होतं."

नवं टेबल करायला जागा पाहिजे होती आणि मधली जागा जुन्या टेबलाने अडवलेली. ते हलवावं लागेल, सर म्हणाले. कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. आम्ही चौघे चार पायांशी गेलो, वाकलो आणि उचललं. दारातून ते सरळ जाईना, म्हणून आडवं करून, पाय आधी बाहेर काढून न्यावं लागलं. बोळातून बाई येत होत्या, त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. भांडाराच्या दारात आम्ही थांबलो. सरांनी भांडारपालांना सांगितलं की हे आत ठेवायचं आहे.

भांडारपालांनी सरांकडे पाहिलं. मग आमच्याकडे, आमच्या हातांकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेकडे. मी मनात म्हटलं, आता संपलं. पण ते म्हणाले, "जागा नाही."

एक टेबल मावणार नाही का, असं सरांनी विचारलं.

"आहे त्या सामानालाच जागा नाही," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

सर संतापले. आम्ही तसेच वाकून उभे. माझे दंड भरून आले होते, आणि ते का भरून आले हा विचार मी मुद्दामच केला नाही. शेवटी पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ, बोळाच्या कडेला आम्ही ते ठेवलं. पुढचे काही दिवस आमच्या वर्गातली मुलं तिथून वळसा घालून जायची. ते बघून बी.कॉम.ची मुलंही वळसा घालायला लागली. त्यांना बहुधा वाटलं असेल की फरशी ओली आहे.

खरं टेबल झालं. देखणं झालं नाही, पण चारही पाय जमिनीला टेकत होते आणि खण जोर लावला की उघडायचा. वर्षाच्या शेवटी बाईंनी स्वतः लिहिलेली एकांकिका आम्ही केली. एक घर, आईवडील, मुलगी. मुलीचं लग्न ठरवलेलं असतं, तिला ते नको असतं. शेवटी ती टेबलावरून बॅग उचलते आणि काही न बोलता दाराबाहेर जाते. पडदा. मुलगी मी होते. कात्रजचा मुलगा वडील झाला होता. राजा नसल्यामुळे आधी जरा नाराज होता, पण प्रयोगात त्याने मला एवढं दरडावलं की मी खरीच दचकले. टेबल शेवटपर्यंत नीट उभं राहिलं. प्रयोगानंतर माझे वडील भेटायला आले. काम कसं झालं ते मी विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, "टेबल मजबूत आहे."

सरही आले होते, पत्नीला घेऊन, पहिल्या रांगेत. आयुष्यातलं पहिलं नाटक. आम्हाला वाटलं ते सांध्यांबद्दल बोलतील. ते रंगपटात आले, सगळ्यांना ओलांडून माझ्यापाशी थांबले. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"ती मुलगी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, नाटक तिथेच संपतं."

"ते कळलं. पण गेली कुठे? रात्रीची वेळ, हातात एक बॅग."

मी बाईंकडे पाहिलं. नाटक बाईंनी लिहिलेलं. बाई म्हणाल्या की ते प्रेक्षकांवर सोडलेलं आहे. सरांना हे मुळीच आवडलं नाही. असं अर्धवट सोडायचं नसतं, ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने दोनदा चला म्हटलं तेव्हा ते गेले. आठवड्याभराने मी गुणपत्रिका घ्यायला गेले तेव्हा सर कॉलेजच्या फाटकापाशी भेटले. त्यांनी पुन्हा विचारलं की काही कळलं का. नाही म्हटल्यावर मान हलवून निघून गेले.

नंतर मी बी.एड. केलं आणि एका शाळेत मराठी शिकवायला लागले. नाटकाचं हौसेपुरतं राहिलं, तेही हळूहळू सुटलं. तीन-चार वर्षांनी एका रविवारी मंडईत सर दिसले. बरेच थकले होते. हातात पिशवी, कानावर पेन्सिल नव्हती. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं, पण माझ्या नावाने नाही. त्या मुलीच्या नावाने, नाटकातल्या. माझी चौकशी केली नाही. वांगी निवडता निवडता म्हणाले, "मग? पुढे काय झालं तिचं?"

मी खरं तर सांगणार होते की सर, ती कोणी नव्हतीच. पण त्यांनी हातातलं वांगं परत ठेवलं आणि माझ्याकडे बघत थांबले. मी म्हटलं, "लग्न झालं, सर. तिच्या मनासारखं."

"कुठे दिली?"

"खराडीला."

तेव्हा खराडी म्हणजे गावाबाहेरचं गाव, शेतंच शेतं. मला ते नाव कसं सुचलं, माहीत नाही. सर विचारात पडले.

"लांब पडतं," ते म्हणाले. "बस आहे का थेट?"

मी म्हटलं, आहे, बदलावी लागत नाही. मग त्यांना बरं वाटलं. त्यांनी अर्धा किलो वांगी घेतली, भाव केला नाही, आणि पिशवी सावरत गर्दीत शिरले.