खालचं न्हाणीघर

शेजारच्या बंगल्यातून ओल्या सिमेंटचा वास आला, की तुमच्या आजोबांचं शेवटचं वर्ष आठवतं. गुडघे गेल्यामुळे अंघोळीसाठी दोघं जण त्यांना खुर्चीत बसवून माडीवर नेत. दार लावून एकट्यानं अंघोळ करावी, एवढीच त्यांची इच्छा होती, म्हणून खाली न्हाणीघर बांधायचं ठरलं. कुरवंडे गावचा गवंडी म्हणाला, "मावशी, परवानगीला हितं कोन थांबतंय? आठ दिसांत बांधून देतो." मी म्हटलं, "आधी मंजुरी, मग वीट." आजोबा हसले, "अरे, हिनं लग्नातसुद्धा भटजींकडे पावती मागितली होती!" नकाशा दोनदा दुरुस्तीला परत आला. मंजुरी हाती पडली, तेव्हा आजोबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. नियम बरोबरच होता, मुलांनो; तरी आज मी त्या गवंड्याला हो म्हणाले असते.