रायकरांकडे अडगळ नव्हती

"बाई, इथे अडगळ सापडत नाहीये."

बोरकर साहेबांचा फोन. ते धायरीत रायकरांच्या पंपाच्या कारखान्यात, मी कर्वेनगरला आमच्या ऑफिसात, डबा उघडून बसलेली. म्हटलं, "साहेब, तिथे कशी असेल? अडगळ माझी आहे."

"म्हणजे?" पलीकडून साहेब.

आता ही अडगळ काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विंडोज आमच्याकडे यायच्या आधीची, डॉसच्या दिवसांतली गोष्ट. काळा स्क्रीन, त्यावर कमांड टाइप करायची. मी टायपिस्ट म्हणून लागलेली, कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. त्यातच एक हेल्प असायची, ती वाचत बसायचे. वाचता वाचता कळलं की मशीन सुरू होताना ऑटोएक्झेक नावाची एक छोटीशी फाइल वाचतं आणि तिच्यात जे लिहिलंय ते मुकाट्याने करतं. मग काय विचारता! नव्या घरात आपण डबे हाताशी येतील असे लावून घेतो ना, तसं मी ते मशीन लावून घेतलं. दोन अक्षरं टाइप केली की पत्राचा नमुना हजर. दुसरी दोन, की प्रिंटर तयार.

फाइल पुसायची कमांड 'डेल'. तिची मला धास्ती. म्हणून त्या ऑटोएक्झेकमध्ये एक ओळ अशी घातली, की डेल म्हटलं तरी पुसायचं नाही, उचलून 'अडगळ' नावाच्या डिरेक्टरीत, म्हणजे आताच्या फोल्डरमध्ये, टाकायचं. माळ्यावर टाकतो तसं. लागलं तर काढता येतं.

साहेबांना हे भारी आवडलं. स्वतःच्या मशीनवर एखाद्या कारखान्याचं ड्रॉइंग चालू असलं की माझ्याच खुर्चीवर येऊन बसायचे. आवरायची त्यांची पद्धत म्हणजे आधी सगळं डेल, मग अडगळीतून हवं तेवढं परत. "बाई, घर असंच आवरतात. आधी सगळं बाहेर काढायचं." साहेबांनी घर कधी आवरलं असेल असं मला वाटत नाही, पण असो.

तर रायकर. बाहेरच्या ऑर्डरी नुकत्या यायला लागल्या होत्या, आणि परदेशी गिऱ्हाईक आधी क्वालिटी सर्टिफिकेट मागायचं. त्यासाठी कारखान्यातलं प्रत्येक काम कसं करतात याचं मॅन्युअल लागतं. अशी मॅन्युअलं लिहून देणं हेच आमच्या ऑफिसचं काम; हे आम्ही रायकरांकडे बसून, त्यांच्याच मशीनवर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑडिटर येणार. ऑर्डर त्या सर्टिफिकेटवर अडलेली. साहेब आदल्या दिवशी गेले ते जुने ड्राफ्ट काढून डिरेक्टरी नीटनेटकी करायला.

आणि हात सवयीने चालला; माझी ती ओळ या मशीनवर नाही हे डोक्यातच आलं नाही. आधी सगळं डेल.

"फ्लॉपीवर कॉपी?" मी विचारलं.

"आहे. पण जुनी, दिवाळीच्या आधीची."

फोनमध्ये साहेबांच्या मागून रायकरांचा आवाज आला, "काय म्हणत्यात बाई? हाय का न्हाय मॅन्युअल?"

"साहेब, त्यानंतर मशीनवर काय काय केलंत? खरं सांगा."

"काही नाही हो. अडगळ नव्हती, म्हणून मी एक केली."

"आणि?"

"रिकामी आहे."

मी कपाळाला हात लावला. डॉस फाइल पुसतं म्हणजे काय करतं, तर तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडतं आणि तिची जागा मोकळी म्हणून जाहीर करतं. मजकूर तिथेच असतो, नवा भाडेकरू येईपर्यंत. साहेबांची नवी डिरेक्टरी हा तो भाडेकरू.

"आता काही सेव्ह करू नका. कोणी काही करू नका. फक्त मी सांगते तेवढंच टाइप करा. अनडिलीट."

एकेक फाइल यायला लागली. मशीन प्रत्येकीचं पहिलं अक्षर विचारी, साहेब मला विचारत, मी सांगे. माझी पोळी वाळली. सगळी प्रकरणं परत आली, एक सोडून. तिथे मशीनने सांगितलं, जागा गेली, फाइल मिळणार नाही.

"कुठलं प्रकरण?"

साहेबांनी घसा खाकरला. "ग्राहकांच्या तक्रारी."

त्याचा लाल दुरुस्त्या केलेला कागद माझ्या ट्रेमध्ये होता. तो घेऊन रिक्षाने धायरीला गेले आणि पुन्हा टाइप केलं. शेजारी रायकर उभे. साहेबांना त्यांनी कीबोर्डपासून लांब, चहाच्या टेबलाशी बसवलं होतं.

ऑडिटर आला. मॅन्युअल चाळताना त्याने रायकरांना विचारलं, फायली गेल्या तर परत कशा आणता? रायकर शांतपणे म्हणाले, "कालच ट्रायल घेतली." सर्टिफिकेट मिळालं.

मी माझ्या मशीनवरची ती ओळ काढली. डेलला डेलचं काम परत दिलं आणि अडगळीसाठी नवी कमांड केली, 'ठेव'. आपल्या सोयीसाठी मशीनला हवं ते शिकवावं, पण धोक्याच्या शब्दाची धार काढून ठेवू नये. मशीनला एका ओळीत विसरायला लावता येतं, हाताला नाही.

साहेब पुढेही माझ्या खुर्चीवर बसायचे. पण डेल लिहिलं की बोट एंटरवर थांबायचं.

"बाई, हे डेल तुमचं की खरं?"

"खरं आहे, साहेब. बोट काढा."