आकाराम निवेदक आणि तव्हेल गावची योना

आकाराम चौगले बोलायला लागले की पलीकडच्या गल्लीतली म्हैस कान टवकारते, असं त्यांची बायको चिमणाबाई सांगते. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. चाळीस वर्षं हा माणूस कुस्तीच्या मैदानात माईकवर निवेदन करतोय. पैलवान उतरला की त्याचं नाव, आईबाप, गाव, वस्ताद एका दमात सांगायचं. हरलेल्याचंही नाव त्यानं मैदान सोडायच्या आत एकदा घ्यायचंच. "नाव न घेता गेलेला गडी घरला पोचत न्हाय," असं ते म्हणतात. दोन वेळची भाकरी, एक माईक आणि संध्याकाळचं पान, एवढ्यावर इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी अनुजा नावाच्या प्राध्यापिकेनं शाहूपुरीत माहितीपटांचा क्लब काढला. महिन्याला एक माहितीपट, फुकट, वर चहा. मी चहासाठी सभासद झालो. पण फिल्म परदेशी, खाली इंग्रजी ओळी, आणि आम्हा निवृत्तांची ओळ वाचून होईतो चित्र पुढं गेलेलं. म्हणून तिनं मजकूर मराठीत लिहून काढला आणि तो वाचायला आकारामांना बोलावलं. कागद चार दिवस आधी घरी दिले. त्यांनी ते उघडलेसुद्धा नाहीत. कुस्ती काय आधी वाचून बोलतात व्हय, असं मलाच ऐकवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, यावरच त्यांचं आयुष्य झकास गेलेलं.

फिल्म होती एका हुकूमशहावर. सुरुवातीला त्याच्याच सरकारनं काढलेली जुनी चित्रं. भलंमोठं मैदान, पांढऱ्या फिती बांधलेली हजारो पोरं, झेंडे, आणि उघड्या गाडीतून येणारा तो. मैदान बघितलं आणि आकाराम कागद विसरले. "आला, आला, ढाण्या वाघ आला," असं त्यांनी सुरू केलं. सभागृहात टाळ्या पडल्या. शिट्ट्याही झाल्या, त्यातली एक माझी, खोटं कशाला सांगू? कोपऱ्यात अनुजाचा चेहरा मात्र उतरला.

मग पडद्यावर तेच मैदान आलं, आजचं, ओसाड. पायरीवर एक म्हातारी बसलेली. आकाराम तिचं बोलणं वाचू लागले. माझी पोरगी योना तिसऱ्या रांगेत होती. तीन महिने उन्हात कवायत. घरात दाणा नव्हता, आणि चौकातला कर्णा रोज सांगायचा की कोठारं भरलीत. उपाशी आहे म्हणणाऱ्याला उचलून न्यायचे. म्हणून भूक लागली असं कुठं बोलू नकोस, हे मीच तिला शिकवलं. ती बोलली नाही. रांगेतच पडली, ती पुन्हा उठलीच नाही.

शेवटची दोन वाक्यं वाचताना आकारामांचा आवाज बसला. अनुजानं फिल्म थांबवली. त्यांनी माईक खाली ठेवला आणि पाणी प्यायलं. आता हे उठून घरी जाणार, असं मला वाटलं. पण ते बोलले.

"पावणं, कागद आधी वाचला न्हाय, ही माझी चूक. त्या कर्ण्याचं काम आज मीच केलं की. बाई, पयल्यापासनं लावा."

अनुजानं पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी त्यांनी घरात बोलतात त्या आवाजात, कागदावर होतं तेवढंच वाचलं. तीच पोरं, तेच झेंडे, तीच गाडी. कुणीही टाळी वाजवली नाही. मी तिसऱ्या रांगेतली पोरगी शोधत होतो. मला लाज वाटली आणि ती वाटली हे बरं झालं.

फिल्म संपली, दिवे लागले, लोक चपला शोधू लागले. आकारामांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. एक नाव राहिलं होतं. मग त्यांनी कागदावर एकदा बघून घेतलं आणि छाती भरून, मैदानातल्या आवाजात पुकारलं, "योना. आई मारीशा. गाव तव्हेल. वय वर्षं सात." खाली बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली.

परतताना त्यांनी नेहमीच्या टपरीवर पान घेतलं, मलाही दिलं. हल्ली ते कागद दोनदा वाचतात, चिमणाबाईसमोर मोठ्यानं, आणि भिंतीपलीकडं मीही ऐकतो. त्या संध्याकाळी मात्र पान चघळत ते एवढंच म्हणाले, "आता पोचंल पोरगी घरला."