न उगवलेला घेवडा

आमच्या कॉलेजात शेतीचे शिक्षक तयार करणारा एक वर्ग होता. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या कोंबल्यात. तो वर्ग चालवणाऱ्याला सगळे बियाणेमास्तर म्हणायचे. बायकोसुद्धा. बियाणेमास्तर, जेवायला या, नाहीतर भाताला कोंब फुटतील, अशी तिची रोजची हाक.

प्राचार्यांनी बजावलं होतं, यंदा वीस पोरं मिळाली नाहीत तर वर्ग बंद. पंख्याखाली बसून बंद करायला काय जातं? मास्तर मात्र भर उन्हात शाळा पालथ्या घालत होते. बाकीचे कॉलेजवाले रंगीत कागद वाटायचे, पोरं त्याची विमानं करायची. मास्तर भाषण देत नसत. प्रत्येकाच्या तळहातावर घेवड्याच्या बिया ठेवायचे. घरी पेल्यात माती घ्या, पेरा, उगवलं की रोप घेऊन माझ्याकडे या, एवढंच सांगायचे. दरवर्षी पोरं पेले छातीशी धरून यायची आणि त्यातली बरीच वर्गातच रुजायची.

यंदा त्यांनी दुप्पट शाळा घेतल्या आणि बियाणं संपलं. कॉलेजच्या कोठीत, तापलेल्या पत्र्याखाली, एक जुनी पिशवी पडली होती. बी दिसायला टपोरं, चकचकीत. पेरण्याआधी मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवतं का बघायचं, हे मास्तर पहिल्याच तासाला शिकवायचे. विसरणाऱ्याला चारचौघांत झापायचे. पण दुसऱ्या सकाळी शाळा गाठायची होती. गोणपाट कोरडंच राहिलं.

प्रवेश सुरू झाले. मास्तरांनी पेल्यांसाठी खिडकीची फळी पुसून ठेवली. चार-पाच पोरं आली, तीही पहिल्या शाळांमधली. मास्तर चिडले. हल्लीच्या पोरांना धीर कसला तो नाही, म्हणाले.

शेवटच्या दिवशी एक मुलगी आली. पेल्यात नुसती माती.

"रोज पाणी घातलं, सर. माझ्या हातानं नाही उगवत."

मास्तरांनी बोटानं माती उकरली. बी हाताला लागलं ते कुजून लिबलिबीत झालेलं. 

"पोरी, तुझा हात चांगलाय. बीच मेलेलं होतं. मी न बघता वाटलं."

तिनं मान खाली घातली. तिला इथंच यायचं होतं. पण साधा घेवडा उगवेना, ती दुसऱ्यांना काय शिकवणार, असं घरचे हसले, आणि तिनं कालच दुसऱ्या कॉलेजात हिशेबाच्या वर्गाला नाव घातलं. तुम्ही या म्हणाला होतात म्हणून सांगायला आले, एवढं बोलून ती गेली. पेला फळीवरच राहिला.

वर्ग बंद झाला. मी त्याच कॉलेजात शिकवणारा, माझं डोकं फिरलं. कोठी कॉलेजची, पिशवी कॉलेजची, चला प्राचार्यांच्या टेबलावर ओतू, म्हटलं. मास्तर उठले नाहीत. किती घरांत पोरं रिकाम्या मातीला पाणी घालत बसली असतील, एवढंच ते म्हणाले. 

पिशवीतलं उरलेलं बी त्यांनी घरी नेलं आणि गोणपाट ओलं करून त्यात गुंडाळलं. बायको येता-जाता पाणी शिंपडायची. आठवडा उलटल्यावर तिनंच ते उलगडलं, पाहिलं, पुन्हा गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

मग आत जाऊन ताट वाढलं आणि हाक मारली, "अहो, जेवायला या."

नुसतंच अहो.