काकूंना पाय लागला

मंडळी, आज डोकं आऊट झालंय.

मी ठाण्यात थाई मसाज करते. आज डोंबिवलीहून एक काकू पहिल्यांदाच आलेल्या. नेहमीप्रमाणे आधी सगळं समजावलं. तेल नाही, कपडे काढायचे नाहीत, खाली गादीवर झोपायचं, मी हाताने, कोपराने आणि पायानेही दाबते. काकू म्हणाल्या, "हो गं, कळलं."

मांडीवर पाय ठेवला मात्र, काकू ताडकन उठल्या. "अगं, मोठ्या माणसाला पाय लावतेस?"

शेवटी तह झाला. पाय लागला की दर वेळी मी वाकून नमस्कार करायचा. तासभर दाबा, नमस्कार करा, परत दाबा! माझीच कंबर धरली.

जाताना काकू एकदम खूश. "सुनेला पाठवते हं. तिला नमस्कार नको, नुसते पाय लाव."

आता त्या सुनेला आधी काय समजावू, तुम्हीच सांगा.